उजव्या खांद्यावरचा पट्टा

माझा नवरा पोलीस सबइन्स्पेक्टर होता आणि त्याचा नेम लागत नव्हता. आज हे मी सहज लिहून टाकते, पण ब्याऐंशी सालच्या त्या मार्च महिन्यात हे वाक्य आमच्या घरात मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. पोलीस लाइनीतल्या भिंती पातळ, आणि पलीकडे राहणारे सगळे खात्यातलेच.

ढुंढिराज भित्रा मुळीच नव्हता. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या घरात जन्माला यायचं आणि रामकुंडावर यजमानांना संकल्प सांगायचं सोडून फौजदारकीची परीक्षा द्यायची, हे भित्र्या माणसाचं काम नाही. त्याचे वडील गोविंदशास्त्री त्या वेळी त्याच्याशी बोलायचेच बंद झाले होते. आमचं लग्न ठरल्यावर बोलू लागले, तेही ‘तो कातड्याचा पट्टा उंबऱ्याबाहेर ठेवून ये’ इतकंच.

मी उत्तरा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडसेट लावून मनमाड, मालेगाव, मुंबई जोडून द्यायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या. माझा स्वभाव तापट आहे असं सासरचे म्हणतात. मी म्हणते, ट्रंक कॉलच्या खोळंब्यात बसून ज्याचं डोकं थंड राहतं त्याला ऐकू कमी येत असावं.

तर त्या मार्चमध्ये ढुंढिराजवर एक काम आलं. सिन्नरकडच्या एका खेड्यात पाझर तलावाच्या पाण्यावरून एका तरुण मजुराला भर दिवसा मारून टाकलं होतं. बघणारे पुष्कळ होते. कोर्टात सांगायची वेळ आली तेव्हा एक एक करत सगळ्यांना काही दिसलं नव्हतं असं निघालं, आणि एकट्या भिमाबाई उरल्या. त्या तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका, मेलेल्या मुलाच्या घरापासून चार घरं सोडून बौद्धवाड्यातच राहणाऱ्या. आरोपी जामिनावर सुटून गावात हिंडत होते. त्यांच्यातल्या एकानं शाळेच्या दारात येऊन बाईंना सांगितलं होतं की नाशिकच्या कोर्टाची पायरी चढलात तर उतरणार नाही. म्हणून साक्ष संपेपर्यंत बाईंबरोबर साध्या कपड्यातला एक अधिकारी द्यायचं ठरलं, सदऱ्याखाली रिव्हॉल्वर घेतलेला. तो अधिकारी म्हणजे माझा नवरा.

पण त्याआधी गोळीबाराची परीक्षा होती, आणि तीत तो नापास झाला.

त्याला शिकवणारे हवालदार कोंडाजी जुने माणूस, तोंडाचे फटकळ. टार्गेटचा कागद काढून आणत ते म्हणाले, “साहेब, तुमच्या गोळ्या समद्या एका जाग्यावर पडत्यात. पण ती जागा शेजारच्याची हाय.” खरंच तसं होतं. गोळ्या विखुरलेल्या नव्हत्या, एकमेकींना खेटून होत्या, फक्त सगळ्या डावीकडे, वीतभर बाहेर. हात कापत असता तर कुणी समजून घेतलं असतं. हात स्थिर होता आणि गोळी मात्र भलतीकडे जात होती, याला काय म्हणायचं?

वरचे साहेब म्हणाले, साक्षीच्या तारखेआधी पास हो, नाही तर रिव्हॉल्वर जमा कर, बाईंबरोबर लाठीवाला शिपाई देतो. तेव्हा मोकळा अधिकारी दुसरा कुणी नव्हता. लाठी! बाईंना मारायला येणारा काय लेझीम खेळायला येणार होता?

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी स्वस्थ बसेना. ढुंढिराज सकाळी उठला की रिकामं रिव्हॉल्वर घेऊन खोलीभर फिरायचा. कमरेतून ओढायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखायचा, परत खोचायचा. मी पोळ्या लाटताना मागे सारखं ‘खट्’ व्हायचं आणि माझी पोळी वेडीवाकडी व्हायची. एक्स्चेंजमध्येही मन लागेना. एकदा मालेगावच्या एका सूतवाल्याला मी थेट जिल्हा रुग्णालय जोडून दिलं. तो बिचारा सुताचा भाव विचारतोय आणि पलीकडून नर्स ओरडतेय.

एका रविवारी मी त्याच्या बुशशर्टाची उसवलेली शिवण घालत बसले होते. सुईत दोरा जाईना. मी वैतागून सुई त्याच्याकडे फेकली, “तुमच्याच्यानं होतंय का बघा.” त्यानं दोरा ओला केला, सुई समोर धरली, आणि उजवा डोळा मिटला. एका झटक्यात दोरा आत.

मी बघतच राहिले. उजव्या हातात दोरा, आणि उजवा डोळा बंद. बाकीचे सगळे उजवे लोक डावा डोळा मिटतात, मीही. मला एकदम माझा हेडसेट आठवला. रिसीव्हर मी नेहमी डाव्या कानाला लावते. उजव्याला लावला तर ऐकू येतं, पण कळत नाही. दोन कान देवानं सारखे दिले असतील, पण काम एकच करतो. डोळ्यांचंही तसंच असेल तर?

मी हातातली बांगडी काढली. “ही हात लांब करून धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या कॅलेंडरचा खिळा बांगडीत धरा. धरलात? आता डावा डोळा मिटा.”

“खिळा गेला,” तो म्हणाला.

“आता डावा उघडा आणि उजवा मिटा.”

“आहे. मधोमध आहे.”

तो खाली बसला. हात उजवा आणि बघणारा डोळा डावा. रिव्हॉल्वर एका बाजूनं बोलत होतं आणि नजर दुसऱ्या बाजूनं, आणि गोळी बिचारी दोघांच्या भांडणात डावीकडे निसटत होती. मला वाटलं आता तो हसेल, खूश होईल. त्यानं आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “मी डावखुरा होतो, उत्तरा. लहानपणी.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे मला तेव्हा कळलं. मला रागच आला. मग त्यानं सांगितलं. तीर्थोपाध्यायाच्या मुलानं डाव्या हातानं अर्घ्य द्यायचं, डाव्या हातानं यजमानाच्या हातावर दर्भ ठेवायचा, हे चालणारच नव्हतं. म्हणून जेवायला बसला की गोविंदशास्त्री पंच्यानं त्याचा डावा हात पाठीशी बांधायचे. अक्षर काढायला बसला की परत बांधायचे. मारत नसत, ओरडत नसत, फक्त बांधायचे. मुंज होईपर्यंत हात सुधारला. डोळा बांधायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकदा रोग कळल्यावर मला वाटलं औषध सोपं आहे. कुठलं! रिव्हॉल्वर अंगावर नेमकं कुठं बाळगायचं, या एका गोष्टीवर आमचे दिवस खर्ची पडले.

उजव्या कमरेला लावलं तर हात सरळ जायचा, पण तिथून निघालेली नळी उजव्या डोळ्यापुढे यायची. ती डाव्यापुढे आणायला तो मान अशी वाकवायचा की जणू मानेत उसण भरलीय. पाठीमागे कमरेच्या खळग्यात खोचून पाहिलं, तर एसटीच्या बाकावर बसवेना. पुढे पोटाशी लावलं, तर खाली वाकताना दस्ता बरगडीत घुसायचा, आणि नळी कुठं रोखलेली असायची ते मी लिहीत नाही. मला ते बघवेना, मी सरळ ‘काढा ते’ म्हणून ओरडले.

मग डाव्या कमरेला, दस्ता पुढे करून. उजवा हात पोटावरून आडवा जाऊन ओढायचा. हे बरं वाटलं. तिथून वर येताना नळी डाव्या डोळ्यासमोर आपोआप यायची. कोंडाजींनाही ते पटलं, पण त्यांनी एक खोड काढली. “साहेब, ओढताना नळी डावीकडच्या समद्यांवरून फिरतीय. त्या बाजूला बाई असल्या तर? आन् गर्दीत कुणी पोटाला चिकटून हुभा राहिला तर हात आडवा जाईल का?” त्यांनी स्वतः ढुंढिराजला चिकटून उभं राहून दाखवलं. हात अडकला. अर्धवट निघालेलं रिव्हॉल्वर दोघांच्या पोटांमध्ये.

“उजव्या हाताचा हट्ट कशाला पण?” मी घरी आल्यावर म्हणाले. “कुत्र्याला दगड कुठल्या हातानं मारता? डाव्या. माशी कुठल्या हातानं धरता? डाव्या. मी बघितलंय. बांधलेला हात मेलेला नाही, नुसता गप्प बसलाय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं रिव्हॉल्वर डाव्या हातात घेतलं. पहिल्या दिवशी हात भांबावला, गोळी मातीत गेली. चार-सहा दिवसांत सरळ जाऊ लागली. आणि परीक्षेच्या दिवशी कागदाच्या मधोमध अशी भोकं पडली की कोंडाजी कागद उन्हात धरून म्हणाले, “आता हे घर तुमचंच हाय बगा.” साहेबांनी रिव्हॉल्वर त्याच्याकडेच ठेवलं. त्या संध्याकाळी मी शिरा केला, आणि आम्ही दोघांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला, बसायची सवयच मोडली होती.

आता डाव्या बाजूला, डाव्या हातासाठी. मी बुशशर्टाची डावी शिवण कमरेपासून वर वीतभर उसवली आणि टिचबटणं लावली. हात घातला की शिवण उघडायची, शर्ट वर करायला दुसरा हात लागायचा नाही. तो उजवा हात बाईंना धरायला मोकळा. माझ्या या कारागिरीचा मला अभिमान होता, आजही आहे.

पण ढुंढिराजला कंबरच नव्हती. सडपातळ नव्हे, काडी. भरलेलं रिव्हॉल्वर चांगलं जड असतं. पट्टा कितीही आवळला तरी पँट डावीकडे ओघळायची, आणि ते खाली सरकून मांडीवर यायचं. तालमीसाठी सीबीएसच्या एसटी स्टँडवरून कोर्टापर्यंत चालत गेला, तर वाटेत दोनदा त्याला कंबर सावरावी लागली. ज्याला शोधायचंच आहे त्याला हे अंधारातही दिसलं असतं. डाव्या खांद्यावरून पट्टा सोडून बघितला, तो उतरत्या खांद्यावरून दप्तरासारखा घसरला. शेवटी लाइनीतल्यांचे बूट-पट्टे शिवणाऱ्या नाथानं मऊ कातड्याचा आडवा पट्टा करून दिला. उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका उतरून डाव्या बरगडीखाली रिव्हॉल्वर धरणारा. बनियनवर चढवायचा, वर शर्ट. मी त्याला तो घालायला दिला, आणि तो दोन पावलं मागे सरला.

“हा नको.”

“का? काचतोय?”

“अपसव्य होतं.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जानवं डाव्या खांद्यावर असतं. पितरांना पाणी देताना, श्राद्धाला, तेवढ्यापुरतं ते उजव्या खांद्यावर घ्यायचं, त्याला अपसव्य म्हणतात. आणि ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं पितरांना पाणी द्यायचं नसतं, म्हणून अपसव्यही करायचं नसतं. गोविंदशास्त्र्यांचा जन्म रामकुंडावर परक्यांच्या मुलांना ‘सव्य करा, अपसव्य करा’ सांगण्यात गेलेला. त्यांच्या घरातल्या पोरांना हे बाराखडीच्या आधी कळतं.

“अहो, परेडच्या दिवशी नाही का आडवा पट्टा घालत?” मी विचारलं.

“तो वर्दीवरून. सरकारचा. हा अंगाला, जानव्यावरून.”

“तुम्ही मेसमध्ये आम्लेट खाता!”

“ते माझ्यापुरतं आहे,” तो म्हणाला. “हे बाबांवर जातं. बाबा असताना नाही.”

आणि त्यानं दुसरीच युक्ती काढली. रिव्हॉल्वर उजव्या कमरेला, तिथं निदान हाडाचा थोडा आधार होता, उजव्या हातानं ओढायचं आणि मग डाव्या हातात घ्यायचं. मला करून दाखवलं. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते क्षणभर कुणाच्याच हातात नव्हतं. मी म्हणाले, “तेवढ्या वेळात बाई मरतील. आणि तुम्ही.” तो म्हणाला, “सराव करीन.” साक्ष परवावर आली होती.

मी भांडले, रडले, एक वेळ जेवले नाही. काही उपयोग नाही. इतका शिकलेला, इतका धीट माणूस एका कातड्याच्या पट्टीपुढे अडून बसला होता, आणि वाईट हे की मला त्याचा रागही नीट करता येत नव्हता. मला माझे गेलेले वडील आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी अर्धी सोडली आणि रिक्षानं रामकुंडावर गेले. उन्हाची वेळ. मामंजी छत्रीखाली पाटावर बसले होते. समोर वऱ्हाडातून आलेली दोघं भावंडं, अस्थींचं मडकं, ओलेते. ते आटोपेपर्यंत मी पायरीवर उभी राहिले. पाय भाजत होते. मग मी जवळ गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाई, गोळ्या, डोळा, पट्टा. मधे थांबले असते तर बोलता आलं नसतं.

ते ऐकून घेऊन म्हणाले, “मग मी काय करू?”

“त्यांना सांगा की चालतं.”

“चालत नाही.”

“मामंजी, हात तुम्ही बांधलात,” मी म्हणाले. आवाज चढला, शेजारच्या छत्रीतले लोक वळून बघू लागले. “तुम्ही बांधला नसतात तर हे पहिल्यापासून रिव्हॉल्वर डाव्या हातानं चालवत असते. आता त्या बाईंना काही झालं, नाही तर यांना झालं, तर तुम्ही इथं बसून कुणाला काय सांगणार आहात?”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. “डाव्या हातानं पितरांना पाणी देणार होता का तो?” एवढंच म्हणाले. मग तांब्या उचलून कुंडाकडे निघून गेले. मी तशीच परत आले. रिक्षात मला हुंदका आवरेना, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं की ताई, कुणी गेलं का.

साक्षीचा दिवस. बाई आदल्या दिवशीच सिन्नरकडून येऊन एका कॉलनीत भाचीकडे उतरल्या होत्या. कोर्ट अकराला. तासन् तास व्हरांड्यात बसवून ठेवण्यापेक्षा बरं म्हणून ढुंढिराज त्यांना नऊलाच आमच्या घरी घेऊन आला. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी बाई, पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्यांनी चहा बशीत ओतला.

“भीती नाही वाटत?” मी विचारून बसले.

“वाटती की, ताई. रोज वाटती,” त्या म्हणाल्या. “पण त्या पोराची माय रोज शाळेम्होरून पाण्याला जाते. मला रोज तिच्याकडं बघावं लागतं. ते लय अवघड हाय.”

ढुंढिराज बाहेरच्या खोलीत उजव्या कमरेला रिव्हॉल्वर लावत होता. ओढ, बदल, परत खोच. ओढ, बदल, खोच. तेवढ्यात दार वाजलं. मी उघडलं तर मामंजी. पायी आले होते, पंचवटीपासून, धोतर घोट्यापर्यंत धुळीनं भरलेलं. आमच्या लाइनीत ते त्याआधी कधी आले नव्हते.

ते आत आले. स्वयंपाकघराच्या दारात भिमाबाई दिसल्या. बाई चटकन उठून उभ्या राहिल्या.

“तुम्हीच का त्या?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“बसा. चहा निवेल,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तो पट्टा कुठाय?”

मी आणून दिला. कातडं हातात घेताना त्यांनी बोटं आखडली नाहीत. ढुंढिराजसमोर जाऊन म्हणाले, “सदरा काढ.”

“बाबा, नको.”

“मी आहे म्हणून अडलंय ना? मग मी नाही असं धर.” आवाज यजमानांना सांगताना असतो तसा कोरडा, कामाचा. “अकरा ते पाच मी नाही. संध्याकाळी पट्टा काढलास की मी आहे. शास्त्रात बसत नाही, ते माझं मी बघून घेईन.”

ढुंढिराज हलेना. मामंजींनी स्वतःच तो पट्टा त्याच्या उजव्या खांद्यावरून घातला, डाव्या काखेखालून ओढून बक्कल लावलं, आणि खांद्यावर जिथं पट्टा टेकला होता तिथं तळहात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्याचा डावा हात धरून बरगडीखाली नेला. “पोचतो का?”

“पोचतो,” ढुंढिराज म्हणाला. तो रडत होता. मला वाटतं त्याला ते कळतही नव्हतं.

भिमाबाई बशी हातात धरून हे बघत होत्या. हलकेच मला म्हणाल्या, “म्हातारबाबा काय म्हनले, ताई?” मी म्हणाले, “आशीर्वाद दिला.” दुसरं काय सांगणार होते?

ते दोघं गेले. मी रजा टाकली होती. मामंजी बाहेरच्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसले. मी ताट वाढलं, तर हातानं नको म्हणाले. पाणी दिलं, तेही नको. मी म्हटलं, “मामंजी, निदान घोटभर.” ते म्हणाले, “मी नाही ना आत्ता.” आणि डोळे मिटून घेतले. मला कळेना हसावं की ओरडावं. मी घरभर फिरत राहिले. डबे पुसले, पुसलेले परत पुसले. लाइनीत कुठं सायकल थांबली की दाराशी धावायची. टेलिफोनवर दिवसभर बसून लोकांना बातम्या पोचवणारी मी, आणि माझ्या घरी टेलिफोन नव्हता.

साडेपाचला ढुंढिराज आला. एकटा. “बाई कुठायत?” मी दारातच विचारलं. तो म्हणाला, “बाई ठीक आहेत. भाचीकडे आहेत, दारात शिपाई बसवलेत.” मग त्यानं सदरा काढला, बक्कल सोडलं, पट्टा उतरवला. मामंजींनी डोळे उघडले. मी पाणी दिलं, ते सगळं एका दमात प्यायले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

ढुंढिराज त्यांच्यासमोर चटईवर बसला. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा, तो म्हणाला, व्हरांड्यात ही गर्दी होती. पुकारा ऐकून बाई एकदम पुढे झाल्या आणि त्याच्या उजव्या हातातून त्यांचा पदर सुटला. तेवढ्यात एक माणूस खांबाआडून निघून दोघांच्या मधे शिरला. पिशवीतून सुरा काढला होता. पाठ ढुंढिराजकडे. डावा हात शिवणीत कधी गेला ते कळलंच नाही. ढुंढिराज ओरडला आणि तो माणूस वळला.

“उजव्या हातानं मी आजवर ज्याच्यावर नेम धरला तो मला कधी नीट दिसलाच नव्हता,” तो म्हणाला. “आज दिसला. मान वाकवली नाही, डोळा मिटला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. बोट दाबत आणलं होतं. पण इतकं स्वच्छ दिसत होतं की मला त्याची बोटं सैल होताना दिसली. सुरा पडला, शिपायांनी त्याला धरलं. मी झाडली नाही.”

“बरं झालं,” मी म्हणाले. “माणूस मेला असता.”

“तसं नाही, उत्तरा.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “उजव्या हातात असतं तर मी झाडलीच असती. दिसत नसलं की माणूस घाईनं झाडतो. आणि माझ्या गोळ्या कुठं जायच्या, ठाऊक आहे ना? त्याच्यामागे, माझ्या डाव्या अंगाला, नेमक्या तिथंच बाई उभ्या होत्या.”

मी त्याच्या शेजारी चटईवर बसले. ज्या बाईंना मारायला लोक सुरे घेऊन फिरत होते त्या बाई आमच्या घरच्या गोळीनं मेल्या असत्या, आणि आम्ही म्हणालो असतो की बिचाऱ्यानं शर्थ केली.

मामंजी ढुंढिराजच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो गुडघ्यावर पडला होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, उगाच दोनदा उलटापालटा केला आणि परत त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“साक्ष झाली पुरी?” त्यांनी विचारलं.

“नाही. उद्या उलटतपासणी. अकराला.”

“मग मी दहाला येतो,” मामंजी म्हणाले, आणि उठून चपला शोधू लागले.